इंजिनची शिट्टी

उचगाव, १२ जानेवारी २०२५

जित्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपाला एकच टिक येऊन बसते, म्हणजे तिथूनही तू मला खाली उतरवलंयस. एवढी वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून मी लोकांना खाली उतरवत आले, आता माझ्यावर पाळी. म्हणून पोस्टानं लिहिते. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. रजिस्टर ए.डी. केलंय, म्हणजे निदान तुझी सही तरी माझ्याकडं परत येईल.

आधी कामाचं. गाडी चालू करायची आहे. आपली जुनी वन-वन-एट मोटार. पत्र्याच्या शेडमध्ये आई गेल्यापासून ती उभीच होती, वर ताडपत्री, ताडपत्रीवर शेजारच्यांची मांजरं. आता अण्णांनी मनात घेतलंय की येत्या एकवीस मार्चला माणगावला जायचं, आणि ते आपल्या गाडीनंच. एसटीनं नको, कुणाच्या वडापच्या जीपनं नको. आजा लहानपणी वीस सालच्या माणगावच्या परिषदेला चालत गेलता, बाबासाहेब आणि महाराज एका मांडवात बघून आलता, हे अण्णांनी आपल्याला इतक्यांदा सांगितलंय की मला ते मीच बघितल्यासारखं वाटतं. दरसाल गाडी धुऊन, डबा बांधून आपण जायचो, आणि गावाच्या वेशीवर अण्णा इंजिन बंद करायचे. उरलेली वाट चालायची, कारण आजा चालत आलता. तू दरसाल भोकाड पसरायचास, गाडी असताना उन्हातनं चालायचं कशाला म्हणून. आई गेल्यापासून आपल्यातलं कुणीच तिकडं गेलेलं नाही.

गाडी सुरू होते. पण ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की धाप लागल्यागत हलते आणि बंद पडते. एअर घेतंय, असं अण्णा म्हणतात. म्हणजे जिथनं घ्यायला नको तिथनं हवा आत ओढते. कारण तुला माहीत आहे, ते तूच करून ठेवलंयस. फोंडा घाटात रेडिएटर कोरडा पडून इंजिनचं हेड तडकलं, तेव्हा तू कॉलेजात होतास. मुंबईच्या भंगार बाजारातनं तू जपानी हेड आणि त्याला जोडायचं हवा-धुराच्या वाटांचं मॅनिफोल्ड पोत्यात घालून आणलंस. तिकडं धुराचे कायदे कडक, म्हणून त्याला जादा भोकं: कुठं ताजी हवा सोडायला, कुठं धूर परत इंजिनात फिरवायला. आपल्या गाडीला त्यातली एकही नळी नव्हती. मग तू हाताला लागेल त्यानं ती भोकं बंद केलीस. कुठं रबर, कुठं एम-सील, आणि एका जागी तर औषधाच्या बाटलीचं बूच ठोकलंस. टिकलं म्हणा बरेच दिवस. आता सगळ्याचा भुगा झालाय.

आणि तू आता चेन्नईत मोठ्या कारखान्यात धुराच्याच खात्यात. बघ म्हणजे.

तर दोन गोष्टी कर. तेव्हा कुठं कुठं काय बुजवलं होतंस ते आठवून लिही. आणि एकवीस मार्चच्या आधी ये, गाडी तू चालव. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तू सगळ्यांसमोर म्हणालास की हे भंगार विकून टाका आणि अण्णांनी माझ्याकडं चेन्नईला चलावं, आक्कानं एकटीनं किती दिवस करायचं. अण्णा म्हणाले, भंगार तर मी बी हाय, तू जा, परत येऊ नको. तू गेलास. तुम्ही दोघं एकाच मातीचे, मी काय बोलणार. पण जायचं होतं ते जाऊन झालं, आता ये.

अण्णा ठणठणीत आहेत. डोळ्याला जरा कमी दिसतं आणि हात थरथरतो, एवढंच. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझी
आक्का

उचगाव, २ फेब्रुवारी २०२५

जित्या,

पोचपावती आली. सही तुझीच आहे, ज चं गाठोडं अजून तसंच. म्हणजे पत्र घेतलंस. उत्तर दिलं नाहीस ते नाहीस. मी लिहिणं सोडणार नाही, सप्टेंबरात रिटायर झाल्यापासून माझ्याकडं वेळच वेळ आहे.

गाडीचं काम मीच करायला घेतलंय. हसू नकोस. अण्णा खुर्ची टाकून बोनेटसमोर बसतात आणि सांगतात, मी करते. डेपोच्या वर्कशॉपमध्ये पोरांना जसे ओरडायचे तसेच ओरडतात, फरक इतकाच की ती पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जायची. मी कुठं जाऊ?

भोकं शोधायची रीत अण्णांची. साबणाचा फेस करायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि ब्रशनं जिथं तिथं फेस लावत जायचं. एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर जायच्या, अंगाला भोक असेल तर बुडबुडे येतात. कार्बोरेटरच्या अंगाला असेल तर फेस आत ओढला जातो आणि इंजिन एकदम आवाज बदलतं. सगळी सापडली. एक्झॉस्टच्या वरच्या बाजूला ओळीनं चार, मॅनिफोल्डच्या पोटाला एक अंगठा जाईल एवढं, आणि कार्बोरेटरच्या, नळी खोचायच्या दोन बारक्या टोट्या, त्यांचं रबर हात लावताच गळून पडलं. मॅनिफोल्डच्या भोकातनं तुझं ते औषधाच्या बाटलीचं बूच निघालं. मी ते धुऊन खिडकीत ठेवलंय.

अण्णांचा कायदा तुला पाठ असेल. भोकाला एकतर नळी पायजे, न्हायतर बूच. उघडं भोक ठेवायचं न्हाय. आणि बूच म्हणजे रबर न्हवं, आट्याचं पितळी बूच, ज्याला गॅरेजवाले डमी म्हणतात. त्यासाठी उद्यमनगरात गुंडूकडं गेलते. तो अण्णांच्या वेळेपासनं लेथवर आहे, आता केस सगळे पांढरे. मॅनिफोल्ड टेबलावर ठेवल्यावर म्हणाला,

"ताई, ह्या कुठल्या जमान्यातली भानगड काढलाईसा? गाडी मोडीत घाला की."

म्हटलं, "गुंडू, तू रिटायर झालास का?"

"न्हाय."

"मग तुला कशाला मोडीत घालत न्हाईत?"

गप आटे पाडायला बसला. चहा मात्र पाजला. काम चांगलं करतो, तोंड सोडलं तर माणूस वाईट नाही. जपानी आटा आपल्या आट्याला बसत नाही म्हणून त्यानं प्रत्येक भोकाला नवा आटा पाडला आणि त्याच मापाच्या डमी काढल्या. पितळेच्या, चकचकीत. अण्णांनी एकेक हातात घेऊन बोटानं आटे मोजल्यागत चाचपली. त्यांना नीट दिसत नसलं तरी बोटांना कळतं.

काम करताना अण्णा मला मधेच जित्या म्हणतात. पाना दे जित्या, उजेड धर जित्या. म्हातारपणी नावं उलटीपालटी होतात, आईसुद्धा तुला माझ्या नावानं हाक मारायची. जेवताना एक ताट जादा वाढायला सांगतात, पावणं आलं तर असावं म्हणून. पावणं कोण येतंय इथं. पण मी वाढते, नंतर मीच खाते. वजन वाढलंय माझं.

तू ये. महिना-दीड महिना आहे अजून.

तुझी
आक्का

उचगाव, २३ फेब्रुवारी २०२५

जित्या,

थोडक्यात लिहिते, हात तेलानं माखलेत.

सगळ्या डमी बसवल्या. एक्झॉस्टच्या चार, मॅनिफोल्डची एक. कार्बोरेटरच्या टोट्यांना नव्या टोप्या, वरून क्लिप. गाडी अशी चालू झाली की शेजारचे लोक गॅलरीत आले. फडफड नाही, हलणं नाही. आयडलिंगला ठेवून मी आत जाऊन चहा करून आणला तरी चालूच. अण्णा खुर्चीतनं उठून बोनेटवर हात ठेवून उभे राहिले.

मग कागलच्या रोडला ट्रायल घ्यायला गेलो आणि गाडीनं तेल टाकलं. गोकुळ शिरगावच्या पुढं बोनेटमधनं धूर. चूक माझी. इंजिनच्या वरच्या झाकणावर, टॅपेट कव्हरवर, एक टोटी असते, तिची नळी कुजून कधीच पडली होती, म्हणून मला ती रिकामी वाटली आणि मी तिलाही बूच मारलं. अण्णा नको म्हणत होते. मीच घाई केली. गाडी टो करून आणावी लागली. तेल अडवणारे दोन सील गेलेत, ते मिळतील, गुंडू म्हणतो.

बाकी सगळं बरं. अण्णा मजेत.

तू येणार असशील तर कळव, म्हणजे बघते.

आक्का

उचगाव, २ मार्च २०२५

जित्या,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आठवडाभर गिळायचा प्रयत्न केला, उतरत नाही. आज अण्णा दुपारचे झोपलेत, आता खरं लिहिते.

ती टोटी कशाची ते मला माहीत होतं. आपल्या घरात कुणाला माहीत नव्हतं? तू लहान असताना अण्णांनी तुला बोनेटवर चढवून, मला शेजारी उभी करून दाखवलं होतं. आईच्या कुकरला शिट्टी असते तशी ही इंजिनची शिट्टी, म्हणाले होते. आतली कोंडलेली हवा बाहेर जायची वाट. बाकी कुठलंबी भोक बुजवा, हिला हात लावायचा न्हाय. हिला बूच मारलंसा तर इंजिन तेल ओकंल. तू तेव्हा विचारलं होतंस की मग ही शिट्टी वाजत का नाही. आई स्वैपाकघरातनं हसली होती.

त्या दिवशी सगळ्या डमी बसल्यावर अण्णा इंजिनावरनं हात फिरवत होते. टॅपेट कव्हरपाशी त्यांचा हात थांबला.

"ही उघडी कशी ऱ्हायली? बंद कर."

"अण्णा, ही शिट्टी न्हवं का?"

"कसली शिट्टी? भोकाला एकतर नळी पायजे, न्हायतर बूच. बंद कर म्हणतोय न्हवं."

"पर अण्णा, तुम्हीच सांगितलंतं..."

"जित्या, तू मला शिकवतोस?"

जित्या, मी तिथं पाना घेऊन उभी होते. मला ठाऊक होतं हे चुकीचं आहे. साठीला आलेली बाई मी, उभ्या एसटीत मी आमदाराच्या माणसाला तिकीट काढायला लावलंय. आणि मी गप ती टोटी बंद केली. कारण नको म्हटलं असतं तर ते चुकतायत असं म्हणावं लागलं असतं. अण्णा इंजिनाबद्दल चुकतायत. हे एकदा तोंडातनं निघालं की मग बाकीचं सगळं पण खरं होतं. मग जादा ताट पावण्याचं नाही, आईचं आहे, हे खरं होतं. ती अजून पाण्याला गेलीय असं त्यांना वाटतं, आणि मी म्हणते, येईल. मग ते मला जित्या म्हणतात ते नाव चुकून नाही, हे खरं होतं. जित्या, ते मला तूच समजतात. गणेशोत्सवापासनं. सकाळी उठल्यावर क्वचित ओळखतात, दुपारनंतर मी तूच असते. विचारतात, आक्का कुठं गेली, अजून ड्युटी संपली न्हाय का तिची. मी म्हणते, येईल, लांबच्या रूटला गेलीय.

डॉक्टर म्हणतात, हे आता असंच वाढत जाणार. कमी होणार नाही. म्हणून मी तुला एकवीस मार्चची घाई करते. गाडीसाठी नाही. एक दिवस ते तुला बघतील आणि ओळखणार नाहीत, तो दिवस यायच्या आत ये, एवढंच माझं म्हणणं. पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. ठणठणीत लिहिलं. लाज वाटत होती की भीती, माझं मलाच कळत नाही.

आता ट्रायलचं खरं सांगते. अण्णा पुढच्या सीटवर, काच खाली, वारा तोंडावर घेत होते. उसाच्या ट्रॅक्टरनं वाट अडवली तर खिडकीतनं त्याला दोन शिव्या पण हासडल्या. लई दिवसांनी मला बरं वाटलं. मग तेलाचा वास आला, मग धूर. गाडी कडेला घेऊन बोनेट उघडलं तर ऑइल बघायची पट्टी आतल्या जोरानं अर्धी वर आलेली आणि इंजिनभर तेल. अण्णा उतरून आले. वाकून बघितलं. हात लावून बघितलं. आणि एकदम त्यांचा चेहरा पूर्वीचा झाला, डेपोतला.

"ही टोटी कुणी बंद केली? आँ? लहानपणापासनं सांगतोय, हिला हात लावायचा न्हाय. जित्या, डोस्कं कुठं असतंय तुझं?"

आता काय म्हणू? तुम्हीच सांगितलंत म्हणू? हायवेच्या कडेला, ट्रक जातायत, त्यांच्या हातात ते बूच.

"चुकलो अण्णा," म्हटलं मी.

त्यांनी बूच माझ्या हातात ठेवलं आणि पाठीवर थाप मारली.

"चुकतंय माणूस. त्यात काय एवढं. तेव्हा मी बी जा म्हणायला नको होतं. चल घरला, आई वाट बघत असंल."

मी तिथं गाडीला टेकून रडले. ते मला म्हणाले, येड्या, सील बदलता येतंय, रडतोस कशाला. टो करायला आलेल्या पोराला वाटलं गाडीसाठीच रडतेय, तो मला पाण्याची बाटली देत होता.

म्हणजे बघ, तू चुकलो म्हणालास आणि अण्णांनी सोडून दिलं. दोघांचंही झालं. फक्त तुला त्याचा पत्ता नाही, म्हणून हे लिहिलं.

आक्का

उचगाव, १४ मार्च २०२५

जित्या,

पाकीट मिळालं. त्यात नळी. टॅपेट कव्हरच्या टोटीपासनं एअर क्लीनरपर्यंत जाईल अशी, बरोब्बर मापाची, दोन्ही टोकांना क्लिपा. माप तुला कसं आठवलं, देव जाणे. देव म्हटलं की अण्णा रागावतील, तर राहू दे.

चिठ्ठी नाही. पाकीट उलटं करून झटकलं, आत हात घालून चाचपलं. पत्त्यावर तुझं अक्षर तेवढं. राग आला मला. एक ओळ लिहायला काय होतं तुला? तेल लागलं असतं का हाताला? नळी मी कपाटावर फेकून दिली होती. मग सकाळी उतरवली.

गुंडूनं सील आणून दिले, बसवायला स्वतः आला. नळी बघून म्हणाला, "ही कुठली? हितली न्हाय ही." म्हटलं, भावानं पाठवली. "मग भाऊ का न्हाय आला?" त्याला म्हटलं तू सील बसव.

नळी बसवली. इंजिनाला श्वास आला. अण्णांचा हात तिच्यावरनं फिरला, थांबला नाही, पुढं गेला. म्हणजे बरोबर बसली.

आठ दिवस आहेत. गाडी तयार आहे.

आक्का

उचगाव, २२ मार्च २०२५

जित्या,

तू आला नाहीस. वीस तारखेला रात्रभर फाटकाची कडी काढून ठेवली होती. सकाळी लावली.

काल जाऊन आलो. आदल्या दिवशी गाडी धुतली, अण्णांना पांढरा शर्ट घातला. डब्यात भाकरी, खर्डा आणि वांगं, आई करायची तसंच, फक्त माझ्या भाकरीला तिच्यासारखा पापुद्रा सुटत नाही. गांधीनगर, वळिवडे, रुकडी, गाडी एकदाही कुरकुरली नाही. अण्णांनी वाटेत मला ओव्हरटेक कसा करायचा ते सांगितलं. मी हो हो म्हणत होते.

वेशीवर गाडी थांबवली. मला वाटलं हे तरी विसरलेले असतील, मांडवापर्यंत नेऊ गाडीतनंच, त्यांना आता किती चालवणार. मी गिअर टाकायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"इंजिन बंद कर. आजा चालत आलता."

बंद केलं. चाललो. ऊन होतं, गर्दी होती, पोरं निळे झेंडे घेऊन पुढं पळत होती. अण्णांनी माझा दंड धरला होता आणि चार पावलांवर थांबत होते. मधे एका घराच्या ओट्यावर बसवलं, त्या घरच्या बाईनं न विचारताच तांब्या आणून दिला. परत उठलो. पोचलो. तिथं अण्णा हात जोडून उभे राहिले. काय आठवत होतं आणि काय नाही, मी विचारलं नाही.

मांडवात डेपोतले एक जुने फिटर भेटले. अण्णांच्या हाताखाली होते, आता तेही काठीवर. त्यांनी अण्णांना ओळखलं, पाया पडायला वाकले, म्हणाले, "गणपतराव, कुणाबरोबर आलाईसा?"

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज असा, की आजूबाजूच्या चार लोकांनी वळून बघितलं.

"हा माझा धाकटा. चेन्नईला असतोय, मोठा साहेब. आजच्या दिवसासाठी मुद्दाम आलाय. गाडी त्यानंच दुरुस्त केली, बघा की, वेशीवर लावलीय."

मी साडीत, हातात डबा, कपाळाला घाम. त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मला तो ओळखत होता, आम्ही एकाच डेपोत होतो. मग मला म्हणाला, "बरं केलंस बाबा आलास ते. म्हातारा वाट बघत होता." आणि त्यानं तोंड फिरवलं, कारण त्याचे डोळे भरले होते. माझे कोरडे होते. माझ्यात आता तेवढं पण उरलेलं नाही.

परत येताना अण्णा खुशीत होते. रुकडीच्या पुढं आल्यावर म्हणाले,

"आक्काला बी आणायला पायजे होतं रं. लई करती ती माझं. तिला कधी सुट्टीच मिळत न्हाय."

मी समोर रस्त्याकडं बघत गाडी चालवली. म्हटलं, "व्हय अण्णा. पुढच्या वर्षी आणू तिला."

तर जित्या, हिशोब असा आहे. अण्णांच्या लेखी तू आलास. चुकलो म्हणालास, त्यांनी पाठीवर थाप मारली. तू त्यांना माणगावला नेलंस, दंड धरून चालवलंस, चार लोकांत त्यांची मान वर केलीस. त्यांना तुझ्याकडनं जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. ते समाधानानं झोपलेत. इतके दिवस मी तुला अण्णांसाठी ये, अण्णांसाठी ये म्हणून लिहीत होते. आता अण्णांसाठी यायची गरज नाही. त्या बाबतीत तू मोकळा आहेस.

आईच्या पुण्यानुमोदनाला तू विचारलं होतंस, आक्कानं एकटीनं किती दिवस करायचं. तेव्हा मला राग आला होता, माझं नाव मधे कशाला घेतो म्हणून. आज उत्तर देते. दमले मी, जित्या. हात दुखतात म्हणून नाही, उठवणं-बसवणं होतं माझ्याच्यानं. दिवसभर मी तू असते. तुझ्या नावाला ओ देते, तुझ्या वतीनं बोलणी खाते, तुझ्या वतीनं लाड करून घेते. रात्री भांडी घासताना कधी कधी माझी मीच मोठ्यानं म्हणते, आक्का, झोप आता. कारण ते नाव या घरात दुसरं कुणी घेत नाही.

अण्णा तुला ओळखणार नाहीत, हे धरून चाल. दारात उभा राहिलास तर पावणं समजून बसायला सांगतील, चहा विचारतील. वाईट वाटून घेऊ नकोस. तू त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं ये. कडी आज परत काढून ठेवलीय.

फार काही करू नकोस. फाटकातनं आत ये आणि मोठ्यानं आक्का म्हणून हाक मार.

आक्का